गाडीच्या सातबाऱ्यावर बोजा कुणाचा?

दसऱ्याला वज्रेश्वरीला देवीच्या पायऱ्यांखाली जरा वेळ उभे राहा. झेंडूच्या माळा घातलेले टेम्पो, नव्या सीटचं प्लास्टिकही न काढलेल्या बाईक, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेल्या छोट्या कार. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, बाजूला सेल्फी. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "देवीच्या कृपेनं आपली गाडी झाली."

आता त्या गाडीच्या डॅशबोर्डमधलं आरसी कार्ड काढून बघा. मालक म्हणून तुमच्या काकांचं नाव असेल. पण गाडी कर्जावर घेतली असेल, तर त्याच कार्डावर एका बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचंही नाव असेल, ‘हायपोथिकेटेड टू’ असं लिहून. आपल्याकडे बोलताना म्हणतात, "आरसीवर एचपी आहे." हार तुम्ही घातलात, नारळ तुम्ही फोडलात, पण गाडीवर आणखी कुणाचा तरी हक्क आहे, असं ती ओळ सांगते.

हप्ते वेळेवर जात असतात तोवर त्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण धंदा बसला, मालकाने हात वर केले आणि दहा देणेकरी एकदम दारात आले, की सगळं भांडण त्या एका ओळीपाशी येऊन थांबतं. ही गाडी विकून येणारा पैसा कुणाचा? ज्याने गाडीसाठी कर्ज दिलं त्याचा, की सगळ्यांचा?

नजरगहाण म्हणजे काय?

भिवंडी तालुक्यातल्या घरांमध्ये हा विषय समजावून सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही, सातबारा पुरतो. शेतकऱ्याने सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो. जमीन त्याचीच, कसतोही तोच. पण विकायला गेला तर घेणारा आधी उतारा बघतो आणि विचारतो, "बोजा उतरवलाय का?" गाडीची आरसी म्हणजे गाडीचा सातबारा, आणि ‘एचपी’ म्हणजे तिच्यावरचा बोजा.

सोनं तारण ठेवलं की बांगड्या बँकेच्या तिजोरीत जातात. वस्तू सावकाराकडे, पैसे तुमच्याकडे. टेम्पोचं असं करून चालत नाही. टेम्पो बँकेच्या गोडाऊनमध्ये उभा राहिला तर भाडं कोण मारणार आणि हप्ता कशातून भरणार? म्हणून वस्तू तुमच्या ताब्यात राहते आणि हक्क मात्र बँकेकडे गहाण पडतो. पतसंस्थांच्या कागदपत्रांत याला फार छान शब्द आहे: नजरगहाण. वस्तू नजरेसमोर आहे, हातात नाही.

पण यात एक गोची आहे. सोनं तिजोरीत असलं की जगाला आपोआप कळतं की ते गहाण आहे. टेम्पो मात्र दिवसभर रस्त्यावर फिरतोय. त्याच्याकडे बघून कुणाला कसं कळणार की त्याच्यावर कर्ज आहे? बँक आणि तुमचे काका यांच्यात पन्नास पानांचा करार झाला असेल, पण तो दोघांनाच माहीत. तिसऱ्याला काय ठाऊक?

म्हणून जगभरातले कायदे कर्ज देणाऱ्याला सांगतात की करार केलास, ठीक आहे. आता तो जगाला दिसेल अशा जागी नोंदव. नोंद झाली की तुझा हक्क पक्का झाला, तिसऱ्या माणसासमोरही. इंग्रजी कायद्याच्या भाषेत याला बोजा ‘परफेक्ट’ होणं म्हणतात. इथे ‘परफेक्ट’ म्हणजे निर्दोष नव्हे, पूर्णत्वाला गेलेला. करार झाला त्या दिवशी बोजा जन्माला येतो, नोंद होते त्या दिवशी तो पुरा होतो.

वज्रेश्वरीच्याच गोष्टीत हे बघता येतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर हे मंदिर उभं राहिलं, असं परंपरा सांगते. नवस बोलणारा आणि देवी, एवढ्या दोघांतली ती गोष्ट. देऊळ उभं राहिलं तेव्हा ती वाटेवरच्या प्रत्येकाला दिसली.

आरटीओत काय होतं?

आपल्याकडे गाडीच्या बोज्याची नोंद होते ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ खाली. नवी गाडी कर्जावर घेतली तर पहिल्या नोंदणीच्या अर्जातच फायनान्सरचं नाव जातं आणि आरसी तयार होऊन येते ती बोज्यासकट. आधीच नावावर असलेल्या गाडीवर नंतर कर्ज काढलं, तर फॉर्म ३४ भरून तो बोजा आरसीवर चढवावा लागतो.

एकदा ही ओळ आली की तिच्यात ताकद येते. फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हप्ते थकले, फायनान्सरने गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी द्यायला तयार नसेल किंवा गायबच झाला असेल, तर मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन आरटीओ जुनी आरसी रद्द करू शकतं आणि फायनान्सरच्या नावाची नवी काढून देऊ शकतं.

ताकद आहे म्हणून दांडगाई चालते असं मात्र नाही. ट्रक ओढून नेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बँकांना स्पष्ट सांगितलं की वसुली कायद्याच्या मार्गाने करा, गुंड पाठवून नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. घरी कुणाचे हप्ते थकले असतील तर हे माहीत असलेलं बरं.

दिवाळं निघालं की रांग लागते

समजा, तुमच्या मामाच्या मित्राचा भिवंडीत ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. चार टेम्पो, एक कार. गोडाऊनवाल्याचं भाडं थकलंय, डिझेलवाल्याची उधारी आहे, ड्रायव्हरांचे पगार अडकलेत, बँकेचं कर्ज आहे आणि कारचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं आहे. धंदा बुडाला. देणी एक कोटीची, विकून येणार तीस लाख. सगळ्यांचं भागणारच नाही. मग आधी कुणाला?

इथे पहिला प्रश्न येतो तो असा की धंदा कुणाच्या नावावर होता?

धंदा मामाच्या मित्राच्या स्वतःच्या नावावर असेल, म्हणजे प्रोप्रायटरी, तर त्याची नादारी आजही इंग्रजांच्या काळातल्या कायद्याने चालते. दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग सामान्य माणसाला अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. बाकीच्यांसाठी मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि ठाणे जिल्ह्यासारख्या भागात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. तो किती जुना आहे ते त्यातल्या आकड्यावरूनच कळतं. पाचशे रुपयांचं कर्ज फेडता येत नसेल तरी नादारीचा अर्ज करता येतो! त्या कायद्यात तारण असलेला देणेकरी आपली तारण वस्तू विकून पैसे वसूल करू शकतो, नादारी त्याच्या आड येत नाही. त्यामुळे इथे आरसीवरची ओळ हा मोठा पुरावा ठरतो. ती नसेल तर करार त्या दोघांपुरता राहतो आणि तिसऱ्यासमोर तो टिकवताना घाम फुटतो.

पण धंदा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर? इथेच भल्याभल्यांची फसगत झाली आहे.

एका ऑडीची गोष्ट

श्री बालाजी प्रिंटोपॅक नावाची एक कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्याकडे एक ऑडी होती, कर्ज फोक्सवॅगन फायनान्सचं. आरटीओत नोंद झालेली, बोजा चढलेला. फायनान्स कंपनीला वाटलं, आपलं काम चोख आहे. गाडी आपल्याकडे गहाण, तेव्हा आपण तारणवाले देणेकरी, रांगेत वर.

कंपनीची मालमत्ता विकून वाटप करणारा अधिकारी, म्हणजे लिक्विडेटर, म्हणाला, नाही. तुमचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदलेला नाही. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायाधिकरणाने लिक्विडेटरचंच म्हणणं मान्य केलं. आरटीओतली नोंद मोटार वाहन कायद्यासाठी ठीक आहे. पण कर्जदार कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ खाली निबंधकाकडेही बोजा नोंदवावाच लागतो. तो नोंदवलेला नसेल तर लिक्विडेटर तो धरणारच नाही.

कलम ७७ मध्ये घड्याळही लावलेलं आहे. बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची. उशीर झाला तर जादा फी भरून ६० दिवसांपर्यंत, आणि त्यानंतर वाढीव फी भरून व निबंधकाची परवानगी घेऊन आणखी ६०. सगळे मिळून १२० दिवस. नोंद करणं हे कंपनीचं काम, पण ती टंगळमंगळ करत असेल तर कर्ज देणाऱ्याला स्वतः जाऊन नोंदवता येतं.

लक्षात घ्या, नोंद नाही म्हणून कर्ज माफ होत नाही. पैसे देणं लागतातच. बदलते ती रांगेतली जागा.

रांगेत कोण कुठे?

ही जागा इतकी महत्त्वाची का, ते दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये दिसतं. कंपनी विकून आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च वजा होतो. मग एकाच पायरीवर दोघं उभे असतात: कामगारांचा आधीच्या २४ महिन्यांचा थकलेला पगार आणि आपलं तारण सामायिक रकमेत सोडून दिलेले तारणवाले देणेकरी. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. त्याखाली बिनतारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी, मग डिझेलवाल्यासारखे बाकीचे आणि सगळ्यात शेवटी भागधारक. रांगेच्या शेवटाकडे जाताजाता पैसा बहुधा संपलेला असतो.

ज्याचा बोजा पुरा आहे, त्याला आणखी एक मार्ग मोकळा असतो. तो या रांगेत उभाच राहत नाही. आपली गाडी उचलतो, विकतो, पैसे घेतो. ज्याचा बोजा अर्धवट राहिला, त्याची गाडी मात्र सगळ्यांच्या सामायिक ढिगात जाते आणि तो बिनतारणवाल्यांत जाऊन बसतो.

आता हे ड्रायव्हरच्या बाजूने बघा. सहा महिने पगार न मिळालेल्या माणसासाठी ती कार ढिगात आली की नाही, हा कायद्याचा कीस नाही, घरातल्या किराण्याचा प्रश्न आहे. त्यामुळे "बिचाऱ्या फायनान्स कंपनीवर एका फॉर्मपायी अन्याय झाला" म्हणण्याआधी हे आठवा, की त्या फॉर्मच्या दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत.

फायनान्सरचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. आरसीवर नोंद आहे, कुणीही बघू शकतं, मग ती जगजाहीर नाही का? यावरचं उत्तर मला असं वाटतं: नोंद तिथे हवी, जिथे बघणारा बघणार आहे. गाडी विकत घेणारा आरसी बघतो. पण कंपनीला पन्नास लाखांचं कर्ज देणारी बँक तिच्या प्रत्येक गाडीची आरसी तपासत बसत नाही. ती निबंधकाकडे जाऊन त्या कंपनीवर एकूण किती बोजे आहेत ते बघते. तिथे पाटी कोरी दिसली तर ती विश्वासाने पैसे देते. रजिस्टरं दोन आहेत, कारण वाचणारे दोन आहेत. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर असू द्या. लॉ किंवा कॉमर्सला असाल तर वर्गात वाद घालायला हा झकास विषय आहे.

अजून एक गोष्ट. कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली की ‘मोरेटोरियम’ लागतो. तेवढ्या काळात बोजा पक्का असला तरी फायनान्सरला गाडी ओढून नेता येत नाही. आधी कंपनी वाचते का ते बघायचं, मग वाटणी.

एका दिवसाने हुकलेला फोर्ड

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मिझुरी राज्यात १७ ऑगस्ट १९९४ रोजी एका बाईंनी कर्जावर फोर्ड घेतली. कर्ज देणाऱ्या कंपनीने बोज्याची नोंद करण्याचा अर्ज राज्याच्या खात्याकडे टपालाने पाठवला ७ सप्टेंबरला, म्हणजे २१ व्या दिवशी. दोन महिन्यांनी बाईंनी दिवाळखोरी जाहीर केली.

तिकडचा नियम असा: दिवाळखोरीच्या आधीच्या ९० दिवसांत एखाद्या देणेकऱ्याने इतरांना मागे टाकून आपली बाजू पक्की केली, तर ती उलटवता येते. गाडी घेण्यासाठीच दिलेल्या कर्जाला यातून सूट होती, पण बोजा २० दिवसांत पुरा झाला तरच. मिझुरीचा कायदा म्हणत होता की ३० दिवसांत नोंद केली तरी ती मागच्या तारखेपासून धरू. मग २० खरे की ३०? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९८ मध्ये निकाल दिला: देशाच्या दिवाळखोरी कायद्यातले २० दिवस म्हणजे २०, राज्याची सवलत तिथे चालत नाही. एका दिवसाने गाडीवरचा हक्क गेला. पुढे २००५ साली तिथल्या संसदेने कायदाच बदलून ती मुदत ३० दिवसांवर नेली.

आपल्याला परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरायची सवय असते. कायद्याचं घड्याळ मात्र कुणाला लेट फीची शाश्वती देत नाही.

तुमचा काय संबंध?

खूप आहे. कॉलेजात असताना पहिली गाडी बहुतेकांची सेकंडहँड असते. ऑनलाइन जाहिरात, बाईक चकाचक, भाव बाजारापेक्षा आठ हजारांनी कमी. मालक म्हणतो, "कर्ज कधीच फिटलंय रे, एचपी उतरवायची राहिलीय फक्त. नोटरी करून देतो." तुम्ही पैसे देता. सहा महिन्यांनी कॉलेजच्या गेटवर दोन माणसं येतात आणि बाईक मागतात.

नोटरीचा कागद तुमच्यात आणि विकणाऱ्यात. बोजा जगजाहीर, आरसीवर लिहिलेला. तुम्ही बघितला नाही, असं म्हणून सुटका होत नाही. बोजा ‘पुरा’ होतो म्हणजे नेमकं हेच होतं. तो तुमच्यावरही लागू होतो, तुम्ही करारावर सही केलेली नसली तरी.

उलट बाजूही आहे. घरातल्या एखाद्या गाडीचं कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण एचपी तशीच. बँकेची एनओसी कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली. विकायची वेळ आली की धावपळ. शेवटचा हप्ता गेला म्हणून आरसीवरची ओळ आपोआप पुसली जाईल असं धरून चालू नका. कर्ज संपलं हे नोंदीतही संपवावं लागतं.

घेताना, फेडताना, विकताना: एवढं कराच

• गाडी घेण्याआधी एमपरिवहन अॅपवर किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. मालकाचं नाव, विमा आणि बोजा यांची प्राथमिक माहिती मिळते. मग मूळ आरसी हातात घेऊन तीच माहिती ताडून बघा.

• ‘हायपोथिकेटेड टू’ दिसलं तर फायनान्सरची एनओसी आणि दोघांच्या सहीचा फॉर्म ३५ मागा. बोजा आधी उतरवा, पूर्ण पैसे नंतर द्या. एनओसी खरी आहे का, ते त्या शाखेत जाऊन विचारा.

• विकणारी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्यावरचे बोजे आणि तिची सद्यस्थिती बघा. कारवाई सुरू असलेल्या कंपनीची ‘स्वस्तातली’ गाडी कुणी परस्पर विकत असेल तर लांब राहा.

• कर्ज फिटलं की लगेच एनओसी घ्या आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओत बोजा उतरवा. खासगी वापराच्या गाडीचं कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागदपत्रं परत करणं आणि नोंदलेला बोजा काढणं रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केलं आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

• गाडी विकलीत तर ती खरोखर दुसऱ्याच्या नावावर झाली का, हे बघितल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे.

पुढच्या दसऱ्याला देवीच्या पायरीशी गाडीला हार घालाल तेव्हा पाच मिनिटं जास्त काढा. घरातल्या सगळ्या गाड्यांच्या आरसी एकत्र काढा आणि प्रत्येकीवरची शेवटची ओळ वाचा. कर्ज चालू असेल तर ती ओळ असू दे, तिथे ती असायलाच हवी. कर्ज फिटलेलं असेल तर काकांना म्हणा, "काका, सोमवारी ठाण्याला आरटीओत जाऊन येऊ." कपाटातली ती एनओसी शोधायचं काम मात्र तुमचं.